गाठीचा निवाडा एमआरआय करत नाही

छातीत गाठ लागली की घरात आजकाल एक वाक्य हमखास ऐकू येते. 'सुई वगैरे नंतर बघू. आधी एमआरआय करून टाकू, म्हणजे काय ते एकदाचं कळेल.' नवरा हे म्हणतो, परगावचा भाऊ फोनवर म्हणतो, आणि चिंतेची गोष्ट अशी की काही डॉक्टरही म्हणतात. यामागचा हिशेब सरळ आहे. सोनोग्राफी स्वस्त, म्हणून कमी भरवशाची. मॅमोग्राफी तिच्यापेक्षा बरी. एमआरआय सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत नवा, म्हणून सगळ्यांत खरा. त्याने गाठ साधी की कर्करोगाची हे सांगून टाकावे, तुकडा काढायची वेळच येऊ नये, अशी अपेक्षा असते. 'गाठीला सुई लावली की ती पसरते' ही जुनी भीती या अपेक्षेला आतून बळ देते.

हे मत चुकीचे आहे आणि त्याची किंमत बायका मोजतात, असे माझे म्हणणे आहे. पण ते खोडण्याआधी त्याची बाजू पुरी मांडली पाहिजे, कारण ती लेचीपेची नाही. स्तनाचा कर्करोग हुडकण्यात एमआरआयइतकी तीक्ष्ण नजर दुसऱ्या कुठल्याच चित्रतपासणीला नाही. नेदरलँड्समध्ये आनुवंशिक धोका असलेल्या १,९०९ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. आजूबाजूच्या ऊतींत शिरलेल्या कर्करोगांपैकी १७.९ टक्के हाताच्या तपासणीत सापडले, ३३.३ टक्के मॅमोग्राफीत, आणि ७९.५ टक्के एमआरआयमध्ये. हा फरक थोडाथोडका नाही. ज्याला एवढे दिसते त्याला ते काय आहे हेही कळत असणार, ही पुढची पायरी मन आपोआप चढते, आणि पाय तिथेच घसरतो. त्याच अभ्यासात निरोगी स्त्रीला निरोगी म्हणण्यात मॅमोग्राफी ९५ टक्के वेळा बरोबर ठरली आणि एमआरआय ८९.८ टक्के वेळा. ज्याने सर्वांत जास्त कर्करोग पकडले, त्याच्याच खोट्या हाकाही मॅमोग्राफीच्या दुपटीने निघाल्या.

दिसणे आणि ओळखणे यांची ही गल्लत एमआरआयइतकीच जुनी आहे. मार्च १९७१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात रेमंड डेमेडियन यांचा एक निबंध आला. उंदरांतल्या दोन प्रकारच्या अर्बुदांमध्ये हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना चुंबकीय धक्क्यानंतर पूर्वस्थितीला यायला निरोगी ऊतींपेक्षा जास्त वेळ लागतो, असे त्यांनी मोजून दाखवले होते. तोवर या तंत्राने एकही चित्र निघालेले नव्हते. पॉल लॉटरबर यांची पहिली चित्रे १९७३ ची. म्हणजे एमआरआयला डोळे फुटण्याआधीच त्याने कर्करोग ओळखावा अशी अपेक्षा जन्माला आली होती. पुढे माणसांच्या ऊतींवर मोजमापे झाली तेव्हा या अपेक्षेचा निकाल लागला. तो वेळ मुख्यतः ऊतीतल्या पाण्यावर आणि ते किती मोकळे आहे यावर ठरतो. पाणी साध्या सुजेतही वाढते, साध्या गाठीतही वाढते. साध्या आणि वाईट गाठींचे आकडे एकमेकांत मिसळून गेले.

१९७१ च्याच नोव्हेंबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जुडा फोकमन यांनी वेगळीच गोष्ट मांडली. अर्बुदाला एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचे असेल तर त्याला स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घ्याव्या लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा अनेकांनी ते मनावर घेतले नाही. पण १९८० च्या दशकात जर्मनीत सिल्व्हिया हेवांग आणि व्हेर्नर कायझर यांनी गॅडोलिनियमयुक्त द्रव शिरेतून देऊन स्तनाचे एमआरआय काढायला सुरुवात केली आणि कर्करोगाच्या गाठी चित्रात उजळून निघाल्या. नव्याने फुटलेल्या या वाहिन्या दाट असतात, कच्च्या असतात, गळक्या असतात. शिरेतून दिलेले हे औषध त्यांतून भसकन बाहेर येते. आजचा स्तनाचा एमआरआय उभा आहे तो फोकमन यांच्या पायावर, डेमेडियन यांच्या नव्हे. त्याला पेशी दिसत नाही. त्याला पेशीकडे जाणारे रक्त दिसते. आता रक्त काय फक्त कर्करोगच ओढतो? जखम भरताना नव्या वाहिन्या फुटतात, सूज आली की वाहिन्या गळतात, तरुण मुलीची साधी गाठ वाढीला लागली की तिलाही रक्त लागते. वाड्यात पाणी किती गेले एवढे मोजून आत लग्न आहे की आग लागली आहे हे ठरवायला बसावे, तशातली ही गत आहे.

तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते जरा जवळून पाहू, कारण पुढचा वाद त्या तपशिलातच आहे. बाईला टेबलावर पालथे झोपवतात. छातीखाली एक साचा असतो, त्याला दोन खळगे, त्यांत दोन्ही स्तन मोकळे लोंबतील असे. हात डोक्यापुढे, दंडात सुई आधीच लावलेली. यंत्राची धडधड सुरू झाल्यावर हलायचे नाही. पहिले चित्र औषधाशिवाय निघते. मग पंपाने औषध आत जाते, मागून सलाईन, आणि दर मिनिट-दीड मिनिटाला त्याच जागेची चित्रे निघत राहतात. नंतरच्या चित्रांतून पहिले चित्र संगणक वजा करतो. उरते ते औषध पोचलेल्या जागांचे पांढरे ठिपके, काळ्या पार्श्वभूमीवर. मधल्या काळात बाईने खांदा जरा उचलला तरी वजाबाकी चुकते आणि नसलेली गाठ चमकते. पाळी चालू असलेल्या स्त्रीत महिन्याच्या उत्तरार्धात निरोगी ग्रंथीसुद्धा औषध ओढतात. म्हणून तातडी नसेल तर पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत तपासणी करावी असा दंडक आहे. किती रिपोर्टांवर पाळीची तारीख लिहिलेली असते, हे वाचकांनी आपल्या घरातल्या फायलीत पाहावे.

या चित्रांवरून साधे आणि वाईट वेगळे कसे काढायचे? आकार, कडा, आतली ठेवण हे तर पाहतातच. पण एमआरआयचा खास दावा काळाच्या आलेखावर आहे. गाठीने औषध किती झपाट्याने घेतले आणि पुढे काय केले, त्याची रेघ काढायची. रेघ शेवटपर्यंत चढत राहिली तर ती पहिल्या प्रकारची, बहुधा साधी. चढून सपाट झाली तर दुसऱ्या प्रकारची, संशयाची. चढून उतरली, म्हणजे औषध आले तसे वाहूनही गेले, तर तिसऱ्या प्रकारची, वाईट. बॉनच्या क्रिस्टियाने कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली २६६ गाठींवर ही कसोटी लावून पाहिली. त्यांपैकी १०१ कर्करोगाच्या होत्या, १६५ साध्या. निकाल उत्तम लागला, आणि तेव्हापासून हा आलेख जगभरच्या रिपोर्टांत शिरला. पण त्या कोष्टकाच्या कडेच्या रकान्यांकडे लोक पाहत नाहीत. कर्करोगांपैकी ८.९ टक्के गाठींची रेघ साध्या गाठीसारखी चढत राहिली होती. साध्या गाठींपैकी ५.५ टक्क्यांची रेघ कर्करोगासारखी उतरली होती. संख्येत मांडले तर प्रत्येकी नऊ. मधल्या सपाट रेघेत तर एक तृतीयांश कर्करोग आणि साध्यांतल्या ११.५ टक्के गाठी शेजारी शेजारी बसल्या होत्या. हा निकाल या विषयातल्या जगातल्या अव्वल चमूचा होता, निवडक रुग्णांवरचा होता, ही गोष्टही ध्यानात ठेवायला हवी.

हे अपवाद अपघाताने घडत नाहीत, त्यांना नावे-गावे आहेत. श्लेष्मल द्रव साठवणारा म्युसिनस कर्करोग एमआरआयमध्ये पाण्यासारखा चकाकतो, औषध सावकाश घेतो आणि रेघ चढत राहते. एखादा निरुपद्रवी फायब्रोअ‍ॅडेनोमा वाटावा असा. लोब्युलर कर्करोगाच्या पेशी एकेक करून रांगेत सरकतात, मोठे वाहिन्यांचे जाळे मागत नाहीत. त्याचीही रेघ पुष्कळदा मवाळ असते. नलिकेतच थांबलेला अगदी सुरुवातीचा कर्करोग मॅमोग्राफीवर चुन्याच्या बारीक कणांनी ओळखू येतो. ते कण एमआरआयला दिसतच नाहीत. त्रि-ऋण म्हणून ओळखला जाणारा, तरुण बायकांत आढळणारा आक्रमक कर्करोग कधी कधी गोल, गुळगुळीत कडेचा असतो. उलट बाजूला स्तनातली साधी लसीका-गाठ, नलिकेतला पॅपिलोमा, विशीतल्या मुलीचा पाणीदार फायब्रोअ‍ॅडेनोमा, जुन्या ऑपरेशनच्या जागी मेलेली चरबी, यांतले प्रत्येक जण कर्करोगाचे सोंग चांगले वठवते. अनुभवी रेडिओलॉजिस्ट यांतली पुष्कळ सोंगे ओळखतो. पुष्कळ म्हणजे सगळी नव्हेत.

मग नेमकी किती? याचे उत्तर देण्यासाठीच एक मोठा अभ्यास योजला गेला होता. १४ रुग्णालयांत, मॅमोग्राफी किंवा हाताच्या तपासणीत संशय आल्यामुळे बायोप्सीसाठी पाठवलेल्या ८२१ स्त्रियांचा एमआरआय सुई लावण्याआधी केला गेला, आणि मग तुकड्याचा निकाल आला. ब्लूमके आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००४ साली 'जामा'मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोग निघालेल्या ४०४ स्त्रियांपैकी ३५६ जणींचा कर्करोग एमआरआयने बरोबर सांगितला. ४८ जणींना तो साधे म्हणाला. आणि ज्यांची गाठ साधी होती त्यांच्यातल्या सुमारे तिघींपैकी एकीला त्याने वाईट म्हटले. लेखकांचा निष्कर्ष स्पष्ट होता: मॅमोग्राफीपेक्षा हे बरे, पण त्याने तुकडा तपासण्याची गरज टळत नाही. त्यानंतर २००८ साली ४४ अभ्यास एकत्र करून सरासरी काढली गेली. खऱ्या कर्करोगाला कर्करोग म्हणण्यात एमआरआय ९० टक्के वेळा बरोबर, साध्या गाठीला साधी म्हणण्यात ७२ टक्के वेळा.

नव्वद टक्के हा आकडा ऐकून माणूस निश्चिंत होतो. त्याने होऊ नये. कागद घ्यावा आणि साधे गणित करावे. समजा हजार स्त्रिया अशा आहेत की त्यांच्या गाठीबद्दल सर्जनला खरोखर संशय आहे आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना कर्करोग आहे. एमआरआय ४५० कर्करोग पकडेल, ५० सोडेल. साध्या गाठीच्या ५०० जणींपैकी ३६० ना सुटका देईल, १४० ना घाबरवेल. आता 'साधी आहे' असा रिपोर्ट घेऊन घरी गेलेल्या किती? ४१०. त्यांच्यापैकी ५० जणींना कर्करोग आहे, म्हणजे साधारण आठींतल्या एकीला. ज्या रिपोर्टावर विसंबून घरी पेढे वाटले जातात, त्याच्यामागे एवढी जोखीम उभी असते. आता दुसरी हजार घ्या, जिथे दहांतल्या एकीलाच कर्करोग आहे. इथे सुटका झालेल्या ६५८ जणींत फक्त १० चुकलेल्या असतात, म्हणून एमआरआयचे 'नाही' बऱ्यापैकी भरवशाचे. पण त्याचे 'आहे' पाहा: ३४२ जणींना संशयित ठरवले, त्यांतल्या ९० जणींनाच कर्करोग. चारींतल्या जवळजवळ तिघींची झोप विनाकारण उडाली. रिपोर्ट तोच, यंत्र तेच. अर्थ मात्र बाई कुठल्या हजारातली आहे यावर बदलतो. म्हणूनच जिथे संशय पक्का आहे तिथे सुईऐवजी एमआरआय मागणे सर्वांत घातक, आणि नेमकी तिथेच ही मागणी जास्त होते.

रेडिओलॉजीची स्वतःची भाषाही हेच सांगते. स्तनाच्या रिपोर्टखाली बायरॅड्स नावाची एक श्रेणी लिहिलेली असते, अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी या संस्थेने आखून दिलेली. तिसरी श्रेणी म्हणजे कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपर्यंत. चौथी म्हणजे दोनच्या वर आणि ९५ च्या आत, आणि सल्ला बायोप्सीचा. पाचवी ९५ टक्के किंवा जास्त, तरीही सल्ला बायोप्सीचाच. 'कर्करोग आहे' असे निर्विवाद म्हणणारी सहावी श्रेणी तुकड्याचा निकाल हातात आल्याखेरीज लिहिताच येत नाही. ज्यांनी ही पद्धत घडवली त्यांनी चित्राला अंतिम निकालाचा अधिकार दिलेला नाही. आपण तो परस्पर देतो.

इथे प्रतिपक्ष म्हणेल की हे जुने आकडे झाले. यंत्रे सुधारली, तीन टेस्ला चुंबकशक्तीची आली. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. औषधाशिवायही एक मोजमाप आता नित्याचे झाले आहे: पाण्याचे रेणू ऊतीत किती मोकळेपणी फिरतात ते मोजणे. कर्करोगात पेशी दाटीवाटीने असतात, म्हणून पाण्याची हालचाल कोंडते. अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून याची परीक्षा केली आणि २०१९ साली निकाल दिला: एक ठराविक मर्यादा धरली तर एकही कर्करोग जास्तीचा न निसटता २०.९ टक्के बायोप्स्या टाळता आल्या असत्या. मला हा निकाल मोलाचा वाटतो. पाचांतल्या एका बाईची सुई वाचते, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पण उरलेल्या चौघींना सुई लागतेच, आणि प्रतिपक्षाचा दावा पाचही जणींबद्दल आहे. तसेच कायझर यांच्या नावाने ओळखला जाणारा गुणांक: गाठीच्या कडेची मुळे, आलेख, कड, आतली ठेवण, भोवतालची सूज अशा पाच खुणांवरून एक ते अकरा गुण देतात. चारच्या वर गेले की शिफारस असते बायोप्सीची. नव्या साधनांनी सुई कुणाला लावायची नाही हे अधिक शहाणपणाने ठरते. पण ज्या गाठीवर संशय पक्का आहे तिचा निकाल तीसुद्धा देत नाहीत.

परदेशी आकड्यांबद्दल एक वेगळीच शंका मला महाराष्ट्राच्या संदर्भात घ्यावीशी वाटते, आणि ती कुणी पुरेशी गांभीर्याने घेत नाही. हे बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेतले आहेत, जिथे स्तनाचा क्षयरोग जवळजवळ पाहायला मिळत नाही. सर अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२९ मध्ये त्याचे वर्णन केले तेव्हा तो लंडनमध्ये होता. आज तो आपल्याकडे आहे. त्याच्या जोडीला ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाची दाहाची व्याधी आहे, बहुधा बाळंतपणानंतर काही वर्षांत तरुण बाईला होणारी. दोन्हींत कडक, वेडीवाकडी गाठ होते, कातडी ओढली जाते, स्तनाग्र आत जाते, काखेत गाठी येतात. एमआरआयमध्ये कडेला झळाळणारी वर्तुळे, पसरलेली पांढरी जागा, झपाट्याने चढणारी रेघ. कर्करोगाचे पाठ्यपुस्तकातले चित्र यापेक्षा वेगळे नसते. आणि इथे प्रश्न फक्त 'कर्करोग की नाही' एवढा उरत नाही. दाहावर स्टेरॉइड देतात. क्षयावर ते एकटे दिले तर आजार बळावतो, त्याला क्षयाचीच औषधे महिनोन्‌महिने लागतात. या तिघांना वेगळे करायला तुकडा लागतो, त्यातल्या पेशी पाहाव्या लागतात, पू किंवा तुकडा क्षयाचा जंतू शोधणाऱ्या सीबीनाट चाचणीला आणि कल्चरला पाठवावा लागतो. एमआरआयचा रिपोर्ट कितीही सुंदर असला तरी त्यात क्षयाचा जंतू दिसत नाही.

आता त्या भीतीकडे वळू, जिच्यामुळे बायका सुईपासून पळतात. सुईने कर्करोग पसरतो का? ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण प्रश्न योग्य आहे आणि तो तपासला गेला आहे. १९९९ साली ३५२ स्त्रियांच्या ऑपरेशननंतरच्या ऊती पाहिल्या तेव्हा ३२ टक्क्यांत सुईच्या वाटेवर सरकलेल्या पेशी सापडल्या. पण सुई आणि ऑपरेशन यांत जितके दिवस जास्त गेलेले, तितक्या त्या कमी सापडल्या. म्हणजे त्या पेशी तिथे रुजत नाहीत, मरतात. एवढ्या दशकांत जगभर सुईने निदान झाले, आणि त्या पेशींमुळे आयुष्य घटल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. गाठ पसरते ती वेळ घालवल्याने.

तुकडा काढणाऱ्या या ट्रूकट सुईची सारी प्रक्रिया बहुतेक वेळा बाह्यरुग्ण विभागातच उरकते. कातडी बधिर करतात, सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक गाठीत जाताना दिसते, चाप दाबला की खट् आवाज होतो आणि तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक, लांबट तुकडा बाहेर येतो. असे तीन-चार. जागा दाबून धरायची, पट्टी लावायची, घरी जायचे.

आणि एक मुद्दा असा आहे की त्याने हा वाद मुळातच संपावा. समजा उद्या असा एमआरआय निघाला जो कधीच चुकत नाही. तरीही तुकडा लागेलच. कर्करोगाच्या पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक आहेत का, हर-२ हे प्रथिन वाढले आहे का, हे कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. आधी केमो की आधी ऑपरेशन, हार्मोनची गोळी द्यायची की ट्रास्टुझुमॅब, सारे त्यावर अवलंबून. ती माहिती पॅथॉलॉजिस्टच्या काचपट्टीवर असते. नुसत्या बारीक सुईने पेशी ओढून काढलेली एफएनएसीसुद्धा इथे अपुरी पडते, कारण तिच्यात रचना दिसत नाही. कर्करोग नलिकेत आहे की बाहेर शिरला आहे ते सांगता येत नाही. बाईला उपचार द्यायचे तर सुई टळत नाही. एमआरआय आधी केला तर ती फक्त लांबते.

मग एमआरआय कशाला? इथवर मी त्याच्या विरुद्ध बोललो असे कुणाला वाटेल, म्हणून त्याची बाजूही तितक्याच ठामपणे मांडतो. बीआरसीए जनुकातला दोष घेऊन जन्मलेल्या बाईला दरवर्षी एमआरआय मिळाला पाहिजे; तिच्यासाठी मॅमोग्राफी एकटी पुरत नाही. अतिशय दाट स्तन असलेल्या स्त्रियांबाबत नेदरलँड्समधल्या डेन्स चाचणीचा निकाल २०१९ साली आला. ५० ते ७५ वयाच्या ४०,३७३ स्त्रिया त्यात होत्या. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात डोके वर काढणारे कर्करोग नुसत्या मॅमोग्राफीच्या गटात हजारी ५ होते. एमआरआयचे निमंत्रण मिळालेल्या गटात हजारी २.५, आणि प्रत्यक्ष एमआरआय करून घेणाऱ्यांत ०.८. एखाद्या तपासणीने आणखी काय सिद्ध करायचे? काखेत कर्करोगाची गाठ आहे पण स्तनात काहीच सापडत नाही, तिथे एमआरआय मूळ हुडकतो. ऑपरेशनआधी केमो चालू आहे, गाठ आकसते आहे की नुसती मऊ पडली आहे, हे त्याच्याइतके कुणी सांगत नाही. लोब्युलर कर्करोगाचा खरा पसारा तोच दाखवतो. या सगळ्या ठिकाणी प्रश्न 'कुठे' आणि 'किती' असा आहे. तिथे तो राजा आहे. पण डेन्स चाचणीतही एमआरआयने संशय घेऊन केलेल्या बायोप्स्यांपैकी २६.३ टक्क्यांतच कर्करोग निघाला, आणि 'हे काय आहे' याचे उत्तर तिथेही सुईनेच दिले.

'कुठे आणि किती' मध्येही आंधळा विश्वास महागात पडतो. निदान झालेल्या प्रत्येक बाईचा ऑपरेशनआधी एमआरआय करावा, म्हणजे सर्जन एकदाच सगळे काढील, ही अपेक्षा ब्रिटनमधल्या ४५ केंद्रांनी १,६२३ स्त्रियांवर तपासली. कोमीस चाचणी, २०१०. दोन्ही गटांत पुन्हा ऑपरेशन करावे लागलेल्यांचे प्रमाण एकच निघाले, १९ टक्के. हाताला न लागणाऱ्या गाठींसाठी डच मोनेट चाचणीत तर एमआरआयच्या गटात पुन्हा काढाकाढीचे प्रमाण ३४ टक्के आणि दुसऱ्या गटात १२. एका स्तनात कर्करोग असलेल्या ९६९ स्त्रियांचा दुसरा, वरकरणी निरोगी स्तन एमआरआयने पाहिला तेव्हा ३० जणींत लपलेला कर्करोग सापडला. उत्तम. पण त्यासाठी १२१ जणींना सुई लागली. ती सुई लागली म्हणूनच उरलेल्या ९१ जणींचा दुसरा स्तन वाचला. पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून थेट स्तन काढण्याचा निर्णय झाला असता तर?

महाग ते खरे, या हिशेबाला मुंबईनेच एक सणसणीत उत्तर दिले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखावर स्त्रियांवर चालवलेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हातांनी, दर दोन वर्षांनी, स्तन तपासले. २०२१ साली वीस वर्षांचा निकाल आला. सर्व वयांतल्या मृत्यूंतला एकत्र फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरला नाही, हे खरे; पण कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडले आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. हाताला लागलेल्या गाठीपासून सुईपर्यंतची वाट सोनोग्राफीच्या खोलीतून जाते. ती वाट जिल्ह्याच्या गावातही आहे.

स्तनाचा एमआरआय करणाऱ्या केंद्रांकडून मात्र एक गोष्ट मागून घेतली पाहिजे. फक्त एमआरआयमध्येच दिसणारी संशयित जागा सापडली तर पुढे काय? आधी त्या जागी पुन्हा सोनोग्राफी करून शोध घ्यायचा. तिथे सापडली तर सुई सोपी. नाही सापडली तर एमआरआयच्या यंत्रातच, स्तन जाळीदार पट्ट्यांत धरून, चुंबकाला न खेचली जाणारी सुई घालून तुकडा काढावा लागतो. हे काम आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांत होते. अमेरिकेत मान्यता देताना केंद्राकडे ही सोय असावी किंवा ती असलेल्या केंद्राशी पक्की व्यवस्था असावी, अशी अटच आहे. आपल्याकडे तसे बंधन नाही म्हणून बाईच्या हातात 'चौथी श्रेणी, बायोप्सीचा सल्ला' असा रिपोर्ट पडतो आणि ती बायोप्सी करणारे कुणी नसते. पुढचे सहा महिने ती रिपोर्ट घेऊन फिरते. एमआरआयची वेळ घेण्याआधी केंद्राच्या खिडकीवर हा प्रश्न विचारावा: इथे दिसले तर इथेच, नाहीतर नक्की कुठे, तुकडा काढला जाईल? उत्तर नावानिशी मिळाले तरच पैसे भरावेत.